चार अंशांची पाचर

उड्डाणपुलावर होतं, भास्कर चव्हाणके म्हणाला,
द्वारकेच्या पुढे, पुलाचे दोन तुकडे जोडलेत त्या फटीवर
चाक आपटलं, की झालं.
स्टिअरिंग हातात राहत नाही,
ओला मासा राहत नाही तसं.
पंचावन्नलाच. साठ तर लांब.
मग ब्रेक दाबत दाबत कडेला,
मागच्या ट्रकच्या शिव्या ऐकत.

तीन ठिकाणी दाखवून आला होता.
एकाने चाकं बॅलन्स केली.
एकाने टायरच बदलायला लावले.
तिसऱ्याने नवा डँपर टाकला, महिन्याने अजून एक.
डँपर म्हणजे रडत्या पोराच्या तोंडावर हात.
पोर गप्प बसतं. मुंगी चावतच असते.

मी हूं म्हणालो.
जीप ओळखीची होती, पण ते लगेच बोललो नाही.

अफरोजला वर बसवलं.
जॅक लावू नको, म्हटलं, चाकं जमिनीवरच राहू देत,
जॅकवरची गाडी खोटं बोलते.
आता डावं-उजवं, बोटभर,
मी ओरडेपर्यंत थांबायचं नाही.
आणि पुठ्ठ्यावर पाठ टेकून आत सरकलो.
आडगाव नाक्याचा सगळा रस्ता तिथे
जमिनीतून पाठीला लागतो.

एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो.
डोळ्यांना काही दिसत नव्हतं.
टायरॉडचा डावा एंड मात्र
हाताखाली टक् करत होता,
अडकित्त्यात सुपारी तडकावी इतकंच.
किंगपिनचं बेअरिंग कोरडं.
ड्रॅग लिंक तर अशी उतरलेली, जणू माळ्यावरची शिडी.

इथेच थांबता आलं असतं.
तीन पार्ट, मजुरी, वर चहा,
आणि पुन्हा महिनाभराने तीच फट.

सायकलचा चिमटा आठवा.
सरळ उभा नसतो, जरा मागे रेललेला असतो,
म्हणून तर शाळेतून येताना उतारावर
हात सोडून, केळं खात, आम्ही घरी पोचायचो.
चाक आपलं आपण सरळ होतं
ते त्या रेलण्यामुळे.
जीपलाही तेच लागतं, तीन-साडेतीन अंश.
कोनमापक लावला.
अर्धा अंश. तोही पुढच्या बाजूला.

मग शॅकलकडे पाहिलं.
लांब केलेले, पट्टीला पट्टी जोडून.
वेल्डिंगची ओळ शेवटाला जराशी डावीकडे ओढलेली.
माझी सहीसुद्धा इतकी माझी नाही.

हरिहरच्या वाटेवर दगडांना पोट घासतं म्हणून
चार इंच उचलून दिली होती, तीन वर्षं झाली.
पुढचा पाटा पुढून खाली गेला,
त्याच्याबरोबर अख्खा अ‍ॅक्सल पुढे झुकला,
आणि मी वर उभा राहून म्हणालो होतो,
वा, काय दिसतेय.

बाहेर आलो. हात पुसायला जास्तच वेळ घेतला.
भास्कर, म्हटलं, ही चूक माझी.
तो चपलेच्या अंगठ्याने खडी उकरत राहिला.
मग म्हणाला, बायको पहिल्या दिवसापासून सांगतेय,
ज्याने उचलली त्याच्याकडे न्या.
मलाच वाटलं, तुम्हाला वाईट वाटेल.

म्हणजे तीन गॅरेज, दोन डँपर, चार टायर,
आणि हा माणूस माझं मन सांभाळत
थरथरत्या जीपमधून गाव फिरत होता.

पाचर मारणे याचा अर्थ आपल्याकडे काही बरा नाही.
पण अंबडला लेथवर बसून मी दोन काढून घेतल्या,
पोलादी, चार-चार अंशांच्या,
पाटा आणि अ‍ॅक्सलच्या मधे बसवल्या, उलट्या तर नाहीत ना ते दोनदा पाहिलं.
पिटमन आर्म खाली घेतला, एंड नवा, बेअरिंगला ग्रीस.
डँपर काढून ठेवला बाजूला.
त्याच्याशिवाय चालली पाहिजे, तरच खरं.

रात्री अकराला पूल मोकळा असतो.
तो चालवत होता, मी शेजारी.
साठ. पासष्ट. फट आली,
चाक आपटलं,
दोघांनीही श्वास धरलेला.
स्टिअरिंग एकदा नाही म्हणाल्यासारखं हललं
आणि जागेवर आलं.

पुढच्या फटीला त्याने हात सोडले,
मी ओरडलो.
तेवढ्यात डावं दार खडखडलं.
ते बघू, म्हटलं, त्याला मी हात लावलेला नाही.